मंगळावर कुंपण पडण्यापूर्वी

इसिडोर: विहीर बुजवली.

नंदकुमार: कोणाची?

इसिडोर: आपली. आज, जेवनाच्या वक्ताला. लॉऱ्यांनी मुरूम आनला, टाकला, वरून रोलर फिरवला. आता तिथं बैल उभा केला तर त्याला पन कलायचं नाय खाली काय होतं.

नंदकुमार: मग मला कागद कशाला काढायला लावलात?

इसिडोर: अर्जाला. लिही, विहीर बुजवू नका.

नंदकुमार: बुजवलेली विहीर बुजवू नका?

इसिडोर: बुजवली कोन बोलला?

नंदकुमार: तुम्ही. आत्ता.

इसिडोर: मी काय बोललोच नाय. कालची तारीख टाक. काल विहीर होती, पानी होतं, बेडूक पन होता. नि हलू बोल, पर्पेच्युआ चुलीपाशी हाय.

(साकीनाक्याच्या अलीकडे, ख्रिस्ती गावठाणातल्या एका घराचा ओटा. रशियाने कुत्री आकाशात पाठवली त्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. इसिडोर मिस्किटा हा भातशेतीवाला. शेती मागच्या महिन्यात सरकारी योजनेत गेली, 'वाला' तेवढा मागे राहिला आहे. नंदकुमार त्याचा भाडेकरू, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून, गावठाणातल्या सगळ्यांचे अर्ज लिहितो आणि लिहिताना हसत नाही. आत चुलीशी पर्पेच्युआ. बायकोशी खोटं बोलायची इसिडोरला सवय नाही, म्हणून तो ते आधी भाडेकरूवर करून बघतो आहे.)

नंदकुमार: तारखेची काळजी नको, काका. आमच्या हापिसात एकाला मेल्यावर बढती मिळाली. त्यानेही ती नाकारली नाही. बोला. "मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार इसिडोर मिस्किटा यांच्या मालकीची विहीर..." आहे म्हणायचं की होती?

इसिडोर: हाय.

नंदकुमार: "...विहीर आहे." झकास. आता कारण. सगळी शेती गेली तेव्हा तुम्ही एक ओळ लिहायला लावली नाहीत. मग एका विहिरीसाठीच का?

इसिडोर: तिच्या अंगाला आमचं एक मानूस हाय.

नंदकुमार: विहिरीपाशी? मी कधी बघितलं नाही कोणाला.

इसिडोर: पुरलेलं हाय.

नंदकुमार: अच्छा.

इसिडोर: आमच्या मेबलच्या आधीची. पयली पोर. जन्मली नि रडलीच नाय. कुंदा सुईन होती, पलीकडच्या पाड्यातली. तिनं पायांना धरून उलटी केली, पाठीवर मारलं, मंग कलशीतलं पानी ओंजलभर डोक्यावर ओतलं. तवा एक बार रडली. तेवढीच.

नंदकुमार: मग कब्रस्तानात का नाही ठेवलीत?

इसिडोर: बाप्तिस्मा कुठं झालेला?

नंदकुमार: पाणी ओतलं ना डोक्यावर?

इसिडोर: मी पन फादरला तेच बोललो. फादर बोलला, घाईच्या वक्ताला पानी कोनी बी ओतलं तरी चालतं, हिंदू सुईन पन चालती. पन ओतताना ते शब्द बोलायला पायजेत, बापाच्या, पुत्राच्या. कुंदा काय बोलली? कुंदा बोलली, रड गो बाय, रड.

नंदकुमार: म्हणजे अर्ज पोचला, सही राहिली.

इसिडोर: तसंच. जी जमीन फादरनं मंतरलेली असती, तिच्यात अशा पोरांना जागा नाय. कुंपनाच्या भायेर ठेवतात, देवलाच्या मागं, गवतात. मना ते बरं नाय वाटलं. ज्या विहिरीचं पानी तिच्या डोक्यावर पडलं, तिच्याच बाजूला ठेवली. वर जात्याचा वरचा दगड ठेवला, कुत्र्यांनी उकरू नये म्हनून.

नंदकुमार: आणि मावशींना काय सांगितलंयत?

इसिडोर: आयतवारी काढून आनतो बोललो. काशीराम मुकादमानं मना सांगितलेलं, लॉऱ्या सोमवारी. आज शुक्कीरवार.

नंदकुमार: योजनेचं काम वेळेच्या आधी झालं? हे बाहेर बोलू नका काका. लोकांचा सरकारवरचा विश्वास उडेल.

इसिडोर: तुना मजा सुचते.

नंदकुमार: मला काहीच सुचत नाहीये. तोंड आपलं आपण चालतंय.

इसिडोर: गप. आली.

पर्पेच्युआ: च्या घ्या. नंदू, तुजी बिनसाखरेची नाय, साखर हाय आज. कुठवर आला अर्ज?

नंदकुमार: विहिरीपर्यंत.

पर्पेच्युआ: विहिरीचं काय लिवलं?

नंदकुमार: "विहीर आहे."

पर्पेच्युआ: हाय?

इसिडोर: हाय म्हंजे, हाय ना. जाते कुठं?

पर्पेच्युआ: बरं. पानी गोड, ते पन लिव. मे म्हयन्यात पन आटत नाय.

नंदकुमार: "पाणी गोड असून मे महिन्यातही आटत नाही." लिहिलं.

पर्पेच्युआ: परत वाच.

नंदकुमार: "अर्जदाराच्या मालकीची विहीर आहे. पाणी गोड असून..."

पर्पेच्युआ: हं. नि हे साहेब कोन? त्यांनी विहीर बघितली का कधी?

नंदकुमार: बघितली असणार. तीन पायांची दुर्बीण लावून लोक आले होते ना जूनमध्ये. एक डोळा मिटून बघत होते.

इसिडोर: मी त्या टायमाला भाताच्या रोपात उभा होतो. समोर. एकानं मना हात हालवून बाजूला व्हायला सांगितलं.

नंदकुमार: आणि नकाशावर लिहिलं, पडीक, वस्ती नाही. तुम्ही बाजूला झालात तिथेच वाट लागली. पार्ल्याच्या व्याख्यानात प्रोफेसर हेच सांगत होते. मंगळावर दुर्बीण लावतात, हिरवट काहीतरी हलताना दिसतं, आणि शेवटी लिहितात, वस्ती नाही, वसाहतीस योग्य. मला वाटतं तिथेही कोणीतरी बाजूला झाला असणार.

पर्पेच्युआ: आपल्या शेतात पन वसाहतच व्हनार ना?

नंदकुमार: कारखान्यांची. फलक लागलाय. वसाहत म्हणजे वसाहत, मावशी. फक्त इथे यायला रॉकेट लागत नाही, लॉरी पुरते.

पर्पेच्युआ: त्या मंगलाचं इचारायचं होतं तुना. तू त्या दिवशी ओट्यावर जागा वाटत होतास.

नंदकुमार: ती गंमत होती.

पर्पेच्युआ: तू तर हसला नाय.

नंदकुमार: मी हसत नाही, तीच तर गंमत.

पर्पेच्युआ: हर्बर्टला दिलीस जागा, बोंबील वालत घालायला.

नंदकुमार: तिथे माश्या नाहीत म्हणून. त्याने खुंट्या पण करून ठेवल्यात. मी त्याला सांगितलं, अरे रॉकेटात बांबू नेऊ देणार नाहीत. तर म्हणतो, तू वशिला लाव ना.

पर्पेच्युआ: धोंडू वाण्याला कोपऱ्यावरची दिलीस.

नंदकुमार: त्याला दुकानासाठी हवी होती. तो म्हणाला, पहिलं माणूस उतरायच्या आधी मी उतरतो, म्हणजे उधारी पहिल्या दिवसापासून चालू होईल.

पर्पेच्युआ: मना नाय इचारलंस.

नंदकुमार: तुम्ही भाजी निवडत होता. मला वाटलं, तुम्हाला इथलंच पुष्कळ आहे.

इसिडोर: पर्पेच्युआ, अर्ज होऊ दे. मंगल पलून जात नाय.

पर्पेच्युआ: विहीर पन जात नाय ना? मंग घाई कसली? नंदू, सांग. कोन गेलंय का अजून वर?

नंदकुमार: कुत्री गेलीय. पेपरात फोटो होता, तुम्ही बघितलात. मंगळावर नाही, इथेच वरती फिरतेय.

पर्पेच्युआ: आली परत?

नंदकुमार: नाही. परत यायची सोय केली नव्हती.

पर्पेच्युआ: पाठवनाऱ्यांना ठाऊक होतं?

नंदकुमार: होतं.

पर्पेच्युआ: नि कुत्रीला?

नंदकुमार: तिला कळवलं नव्हतं.

इसिडोर: आपल्याला शेताचं कलवलं तरी. इंग्लिशमधी.

पर्पेच्युआ: मानसं जातील, ती तरी येतील परत?

नंदकुमार: पहिली नाही येणार. प्रोफेसरना एकाने उठून हेच विचारलं. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाले, पहिल्या तुकडीने त्यागाची तयारी ठेवावी. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या तुकडीत नाव घालायचं ठरवून घरी आलो.

पर्पेच्युआ: म्हंजे तिथं घर बांधायच्या आधी कब्रस्तान लागनार.

नंदकुमार: ...हो. तसं बघितलं तर पहिल्या दिवशीच लागणार.

पर्पेच्युआ: मंग सांग. तिथं कोन फादर गेलाय?

नंदकुमार: अजून नाही.

पर्पेच्युआ: बिशप?

नंदकुमार: बिशपही नाहीत. त्यांच्या मापाचा पोशाखच झालेला नाही.

पर्पेच्युआ: म्हंजे तिथली माती कोनी मंतरलेली नाय.

नंदकुमार: नाही. कोरी आहे.

पर्पेच्युआ: कुंपन?

नंदकुमार: कुंपण कशाला असेल? कोणी नाहीच तर...

पर्पेच्युआ: आतलं नाय, भायेरचं नाय.

नंदकुमार: नाही, मावशी.

पर्पेच्युआ: मंग तिथं चालंल.

इसिडोर: काय चालंल? कोनाला?

पर्पेच्युआ: तिला. तुमी आयतवारी काढून आननार ना? आनून कुठं ठेवनार? ओट्यावर? फादर घेनार नाय. जुना फादर गेला, नवा आला, मी त्याला पन इचारलं. लय गोड बोलला. त्याच्या टेबलावर फुलं होती. बोलला, बाई, देव दयालू हाय, पन कुंपन तिथंच राहील.

इसिडोर: तू नव्या फादरकडं कवा गेलीस?

पर्पेच्युआ: तुमी शेताच्या कागदासाठी हेलपाटे घालत होता तवा. तुमचे हेलपाटे वेगले, माजे वेगले.

इसिडोर: मना बोलली नाय.

पर्पेच्युआ: तुमी तरी समदं बोलता?

इसिडोर: ...च्या थंड झाली.

नंदकुमार: मावशी, खरं सांगू का, मंगळावर माणूस जायला पन्नास वर्षं तरी लागतील म्हणतात. व्याख्यानाला आलेले लोक ट्रॉम्बेला जायची बस नीट पकडू शकत नाहीत.

पर्पेच्युआ: तिला काय घाई हाय? मेबल मालाडला सासरी गेली, दोन पोरांची आई झाली. ही तेवढीच हाय. पन्नास वर्सांनी पन तेवढीच ऱ्हाईल. ओंजलीत मावंल. रॉकेटला जड नाय होनार.

इसिडोर: अगं पन तिथं हवा नाय बोलतात!

पर्पेच्युआ: तिला कशाला पायजे हवा? नंदू, लिव, हवा नको. पानी हाय का तिथं?

नंदकुमार: टोकाला थोडं बर्फ आहे म्हणतात. पांढरं दिसतं.

पर्पेच्युआ: ओंजलभर व्हईल?

नंदकुमार: ओंजळभर होईल.

पर्पेच्युआ: बस. तवा पन तेवढंच होतं. या बारीला बोलनारा असला म्हंजे झालं.

इसिडोर: मेल्यावर नाय होत ते, पर्पेच्युआ. फादर बोलला ना, जितेपनीच व्हायला पायजे.

पर्पेच्युआ: तो हितला कायदा. तिथं अजून लिवलाय कोनी?

इसिडोर: नि बोलनार कोन? रशियावाले? ते देवाला मानत नाय.

पर्पेच्युआ: कुंदा तरी आपल्या देवाला कुठं मानत होती? तरी पोर तिच्या हातात रडली.

नंदकुमार: काका, आपण हा विहिरीचा अर्ज आधी संपवू या का? "तरी सदर विहीर आयतवारपर्यंत..."

पर्पेच्युआ: तो फाड.

इसिडोर: का? फाडायचा का? आयतवारपर्यंत थांबले ना ते, तर मी स्वताच्या हातानं...

पर्पेच्युआ: दगड मागल्या दारी हाय.

इसिडोर: कुठला दगड?

पर्पेच्युआ: जात्याचा. वरचा. तुमी ठेवलेला.

नंदकुमार: मावशी, तुम्ही आज बांद्र्याला गेला होता ना बहिणीकडे?

पर्पेच्युआ: गेले होते. येताना बसमधून उतरले ती शेतावरून आले. म्हटलं, दोन दिवस ऱ्हायले, बघून घेऊ. तर पयली लॉरी उभीच. मी बोलले, बाबा, हा दगड माजा हाय. डायवर बरा होता. पंजाबी होता वाटतं. बोलला, माई, भारी है. उचलून डोक्यावर दिला. बोलला, इससे क्या पीसेगी, नीचेवाला कहाँ है?

इसिडोर: तू काय बोलली?

पर्पेच्युआ: बोलले, नीचेवाला घर पे है. मंग मी घरी आले. माज्या पाठीमागं मुरूम पडल्याचा आवाज आला. मागं नाय बघितलं.

इसिडोर: मी पन तिथंच होतो. बांधाच्या पलीकडं. झाडामागं. लॉरी दिसली नि डोले मिटून घेतले.

पर्पेच्युआ: बघितलं मी तुमाला. झाड केवढं नि तुमी केवढे.

इसिडोर: मंग इतका वेल... च्या काय, साखर काय... बोलली का नाय?

पर्पेच्युआ: नंदू वाचत होता, विहीर आहे. पानी गोड असून. ऐकायला बरं वाटलं. म्हटलं, दोघं एवढे मन लावून खोटं बोलतात, बोलू दे घटकाभर.

नंदकुमार: मी परत वाचू?

पर्पेच्युआ: नको. आता दुसरा कागद घे.

इसिडोर: कोनाला लिवायचं? तिथं कोन साहेब बसलाय?

पर्पेच्युआ: जागा वाटत होतास तवा काय नाव सांगत होतास, नंदू?

नंदकुमार: परग्रह वसाहत मंडळ, अंधेरी शाखा.

पर्पेच्युआ: अध्यक्ष कोन?

नंदकुमार: मी. कारकूनही मीच. शिपाई ठेवलेला नाही.

पर्पेच्युआ: मंग तूच मंजूर कर.

नंदकुमार: मला अधिकार नाहीत, मावशी. मी फक्त वर पाठवतो.

पर्पेच्युआ: वरच पाठवायचं हाय. लिव.

नंदकुमार: अर्जदार दोघं घालतो. कोणासाठी जागा... मुलीचं नाव?

इसिडोर: नाव नाय. घातलंच नाय तर कुठनं येनार?

पर्पेच्युआ: ग्रेस.

इसिडोर: ...तुज्या ध्यानात होतं?

पर्पेच्युआ: तुमीच ठरवलेलं. विहिरीवर बसून. मुलगा झाला तर रोनाल्ड बोलला होता. मी पोटाशी हात धरून हसत होते. मंग मेबलच्या वक्ताला तुमी ते नाव काढलंच नाय. मी पन नाय काढलं. ते तिचं होतं.

नंदकुमार: पण मावशी, हापिसात विचारतील, नाव कोणी लावलं, दाखला कुठे?

पर्पेच्युआ: मंग काय लिवशील?

नंदकुमार: असं लिहितो. "कुमारी ग्रेस, नाव मंजुरीच्या अधीन." सरकारी कामात हे बसतं. आमच्याकडे एक अख्खा पूल मंजुरीच्या अधीन आहे. लोक त्याच्यावरून जातात पण.

पर्पेच्युआ: बसव. अर्जाला काय जोडतात ना?

नंदकुमार: सोबत पुरावा जोडतात. पण आता पुराव्याला काय... तिथे तर रोलर...

पर्पेच्युआ: दगड जोड.

नंदकुमार: "सोबत, जात्याचा वरचा दगड, एक."

इसिडोर: लिही, जागा पान्याजवल असली तर बरं. नि लॉरीच्या रस्त्यावर नको. तिथं पन वसाहत वाढंल. आज हर्बर्टचे बोंबील, उद्या धोंडूचं दुकान, परवा कोन दुर्बीण लावून येईल.

नंदकुमार: लिहितो.

पर्पेच्युआ: हसू नको हां, नंदू.

नंदकुमार: मी कधी हसलोय?

पर्पेच्युआ: मंग डोल्याला काय झालं?

नंदकुमार: चुलीचा धूर.

इसिडोर: चूल कवाची विझली.

पर्पेच्युआ: असू दे. वाच. पयल्यापासून, मोठ्यानं. दगडाला पन ऐकू जाऊ दे.

नंदकुमार: "मेहेरबान अध्यक्षसाहेब, परग्रह वसाहत मंडळ, यांचे सेवेशी. अर्जदार इसिडोर व पर्पेच्युआ मिस्किटा विनंती अर्ज करतात की, त्यांची थोरली मुलगी कुमारी ग्रेस, नाव मंजुरीच्या अधीन, हिच्या राहत्या जागेवर आज रोजी दुसरी वसाहत झाली आहे. तरी मंगळावर कुंपण पडण्यापूर्वी तिला हातभर जागा देण्यात यावी. हवेची आवश्यकता नाही. पाणी ओंजळभर पुरे. ते ओतताना जो कोणी कर्मचारी हजर असेल त्याने नियमाप्रमाणे शब्द उच्चारावेत, आणि शब्द ठाऊक नसल्यास 'रड गो बाय, रड' एवढे तरी म्हणावे, ही नम्र विनंती."